आरोंद्याच्या खाडीतली प्रेमकथा

यंदाच्या जानेवारीपर्यंत मी प्रेमाच्या कादंबऱ्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचे. वेंगुर्ल्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. मधल्या सुट्टीत बाईंच्या हातात गुलाबी मुखपृष्ठ दिसलं, तर दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात खसखस पिकणार हे ठरलेलं. त्यामुळे गेली पंचवीस वर्षं माझ्या सगळ्या नायक-नायिका बाजारभाव आणि निधनवार्तांच्या आत गुंडाळलेल्या असायच्या.

माझी एक जुनी लेखिका आहे. डी.एड.ला असल्यापासून मी तिला वाचते. तिच्या नायिका उशीत डोकं खुपसून रडत नाहीत. त्या नोकरी करतात, त्यांची बस चुकते, त्या भांडतात आणि मग अगदी सामान्य दिसणाऱ्या माणसाच्या प्रेमात पडतात. गेली कित्येक वर्षं तिचं नवं काही आलं नव्हतं. लिहायचं थांबली असेल, असं मी धरूनच चालले होते. जानेवारीत वाचनालयात गेले, तर ग्रंथपालबाईंनी टेबलाच्या खणातून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं.

"तुमच्यासाठी लपवून ठेवलंय," त्या म्हणाल्या.

तिची नवी कादंबरी! पहिली वीस पानं मी तिथे कपाटाला टेकून उभ्यानेच वाचली. पंचावन्न वर्षांची एक बाई लग्नपत्रिकांचा छापखाना चालवते आणि मुद्रितं तपासायला आलेल्या एका विधुराशी तिचं ऱ्हस्व-दीर्घावरून वाजतं. ऱ्हस्व-दीर्घावरून सुरू झालेलं प्रेम! मराठीच्या शिक्षिकेने ते पुस्तक खाली कसं ठेवायचं? दोन दिवसांत संपवलं. त्या दोन दिवसांत आमटीत एकदा मीठच नव्हतं आणि एकदा दोनदा पडलं होतं.

त्याच आठवड्यात माझा नवरा जेटीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरला. मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालून उभं राहणारा माणूस, आणि डॉक्टरांनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून सहा आठवडे घरी बसायला सांगितलं. तिसऱ्या दिवशीच तो घरातले पंखे खोलायला लागला. चालू असलेले पंखे.

मी शाळेतून आले की चहा घेऊन त्याच्या शेजारी बसायचे आणि छापखानेवालीची कादंबरी दुसऱ्यांदा वाचायचे.

"काय गो, ह्या वयात ही असली पुस्तकां?" तो म्हणाला.

"तुमी गप रवा. तुमच्या वयाच्याच माणसांची गोष्ट आसा."

तो पाच मिनिटांनी म्हणाला, "मोठ्यान वाच. माका काय कान नाय?"

मी मोठ्याने वाचायला लागले. वर्गात रोज वाचते, तसंच. तो डोळे मिटून पडून होता, मला वाटलं झोपला. मी थांबले.

"मगे? ती त्येच्या घराक गेली काय नाय?"

त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो कसा सांगू! लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि या माणसाने इंजिनाच्या माहितीपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक हातात धरलेलं मी पाहिलं नव्हतं. चार दिवसांत आम्ही ती कादंबरी संपवली. शेवटच्या पानानंतर तो म्हणाला, "दुसरा हाड." हाड म्हणजे आण.

मग सुरूच झालं. ग्रंथपालबाईंनी मला एका नव्या लेखकाचं पुस्तक दिलं. मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. दोन गावांच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी करणारे दोघं जण, एकमेकांना फक्त आवाजाने ओळखणारे. पुरुष लेखक बाईच्या मनातलं इतकं नेमकं लिहू शकतो यावर माझा विश्वास बसेना. नवऱ्याला दुसरंच काही आवडलं. एक्स्चेंजचा स्विचबोर्ड कसा चालायचा ते लेखकाने अगदी बरोबर लिहिलं होतं. "ह्येका काम म्हायत आसा," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ही सगळ्यात मोठी पदवी. दोघांची भेट होते त्या प्रकरणात मात्र त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि डोळ्यात काहीतरी गेलं म्हणाला.

पणजीला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीला फोनवर हे सगळं सांगितलं, तेव्हा तिने माझ्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं. त्यावर लोक आपापल्या कादंबऱ्या लिहितात, दर आठवड्याला एक भाग. त्यात शोधता शोधता मला ती सापडली. टोपणनावाने लिहिणारी एक अगदी नवी लेखिका. तिच्या कथेचा नायक इंजिन मेकॅनिक होता, नायिका शेतकी पदवीधर, आणि कथा घडत होती चक्क आरोंद्यात! माझं माहेर आरोंद्याच्या समोर, खाडीपलीकडे, गोव्याच्या हद्दीत. आपल्या ओळखीचं पाणी मोबाइलच्या पडद्यावर आल्यावर माणसाचं काय होतं ते मला तेव्हा कळलं. मी स्वयंपाकघरातून ओरडतच बाहेर आले.

सात भाग आम्ही एका शनिवारी वाचले. तिची भाषा झपझप पुढे नेणारी, आणि संवाद असे की नवरा मधेच हसून "बरोबर बोलली" म्हणायचा. आठव्या भागात दोघं पळून जायचं ठरवतात. चंद्र नको म्हणून अमावास्येचा दिवस धरतात आणि संध्याकाळी दिवेलागणीला इंजिनाच्या होडीतून खाडीच्या मधोमध सरळ पलीकडे निघतात.

"थांब, थांब!" नवरा प्लास्टरच्या पायासकट उठायला लागला. "त्येका येड लागला काय? अमावास्येच्या सांजेक सुकती आसता! पाणी खंय आसा थंय? मधल्या वाळवेर होडी रुततली आणि सकाळी गाव बघूक येतलो!"

सुकती म्हणजे ओहोटी. मी म्हटलं, गोष्ट आहे, चालतं.

"चालता कसा? तो मेकॅनिक आसा मां? त्येका म्हायत नाय? लिव तिका. आताच्या आता लिव."

त्याने सांगितलं तसं मी प्रतिक्रियेत लिहिलं, शक्य तितक्या सौम्य प्रमाण मराठीत. "आपली कथा फार आवडते. माझ्या यजमानांचं म्हणणं आहे की..." दहा मिनिटांत उत्तर आलं. तिने हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली होती. "काकू, मी मराठवाड्यातली. आमच्याकडे नदीलाच पाणी नसतं, भरती-ओहोटी मला कुठून कळणार? मी खाडी फक्त पुलावरून बघितली आहे. काकांना विचारा ना, मग त्यांनी कधी निघायचं?"

पुढच्या निरोपातून कळलं की ती काजूच्या कलमांवर संशोधन करायला आली आहे आणि राहते वेंगुर्ल्यातच. आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर! जिची कथा मी गेला आठवडाभर दूरच्या चांदणीसारखी बघत होते, ती मी घेते त्याच बाजारात बांगडे घेत होती.

मी तिला घरी बोलावलं. रविवारी चर्चमधली मिसा संपवून मी परत आले तेव्हा ती आमच्या व्हरांड्यात बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, चष्मा, कपड्यांना मातीचे डाग. एक लेखिका माझ्या खुर्चीत बसली आहे या आनंदात मी तिला एकामागून एक दोन कप चहा दिला. नवरा कागदावर खाडीचा नकाशा काढत होता. कुठे वाळू, कुठे खोल पाणी, कुठल्या तिथीला भरती कधी. ती वहीत लिहून घेत होती आणि तो एखाद्या हेडमास्तरसारखा "समजला?" विचारत होता.

"काका, मला होडीत बसवाल का?" ती म्हणाली. "प्लास्टर निघाल्यावर?"

मार्चमध्ये प्लास्टर निघालं. एका सुट्टीच्या सकाळी आम्ही तिघं आरोंद्याला गेलो. नवऱ्याच्या मित्राची होडी होती, भरती चढत होती. चालायला घेतलेली काठी होडीच्या तळाला आडवी टाकून नवरा इंजिनापाशी बसला. पोरगी होडीत पाय ठेवताना माझा हात असा घट्ट धरून होती की बांगडी रुतली. पण पाणी लागल्यावर तिची भीती पळाली. ती इंजिनाचा वास घेत होती, पाण्यात बोटं घालून चाखत होती, खारट आहे म्हणून हसत होती. मग ती मागे त्याच्याजवळ जाऊन बसली. मी पुढच्या टोकाला होते. इंजिनाच्या आवाजात मला शब्द ऐकू येत नव्हते, पण वळून पाहिलं तेव्हा नवरा हात हलवून काहीतरी सांगत होता आणि तिने वही मिटून ठेवली होती.

"काय इचारी होती ती?" घरी आल्यावर मी विचारलं.

"कायतरी इंजिनाचा," तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी अकरावा भाग आला. शनिवारची दुपार होती. मी मोबाइल घेऊन नेहमीसारखी वाचायला बसले. आठव्या भागाचा शेवट तिने बदलला होता. पळून जाणारी दोघं आता भरतीच्या पाण्यावर व्यवस्थित निघाली होती, आणि मधोमध पोचल्यावर नायिका त्याला विचारते, मी तुला आवडते हे तुला कधी कळलं?

"तुझी स्थळ म्हणून चौकशी झाली, त्याच्या वर्षभर आधी," तो सांगतो. "पलीकडच्या धक्क्यावर प्रवासी होडी बंद पडली होती. मला दुरुस्तीला बोलावलं. ऊन मरणाचं. सगळे प्रवासी माझ्यावर ओरडत होते. एक मुलगी मात्र ट्रंकेवर बसून पुस्तक वाचत होती. तिने छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. डाव्या हातात छत्री, उजव्या हातात पुस्तक, पान उलटायला अंगठा. दोन तास धरली. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही."

मी वाचायची थांबले. ती छत्री मला आठवत होती. काळी होती, वडिलांची होती. होडी बंद पडली होती तेही आठवत होतं, आणि इंजिनात डोकं खुपसलेला, तेलाने काळा झालेला कोणीतरी माणूसही.

आमच्या लग्नाची मला ठाऊक असलेली गोष्ट वेगळी होती. त्याच्या मावशीने स्थळ आणलं, तो बघायला आला, आईने केलेल्या दोदोलच्या, म्हणजे नारळाच्या रसातल्या गूळ घातलेल्या मिठाईच्या, तीन वड्या खाल्ल्या आणि हो म्हणाला. "माझ्यासाठी नाही, दोदोलसाठी लग्न केलंत," असं मी सव्वीस वर्षं सगळ्यांसमोर त्याला चिडवत आले होते. तो नुसता हसायचा.

"वाच मां फुडे," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"तां तुमी होतास?"

"वाच."

पुढे लिहिलं होतं, की नायक त्या मुलीचं गाव शोधून काढतो आणि मावशीच्या मागे लागून तिला त्या मुलीच्या घरी पाठवतो. मी ते वाचलं. मोबाइल खाली ठेवला. मला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि वाटत होतं की मीच त्या होडीत बसले आहे.

"इतकी वर्षां माका कित्याक नाय सांगलास?"

"कसा सांगतलंय? माका तसा बोलूक येता?" तो म्हणाला. मग खूप हळू आवाजात, "काम अर्ध्या तासात झाला होता. मगे मी बोल्ट परत काढलंय. तू वाची होतस म्हणान."

"काय?" मी ओरडले. "माझी डी.एड.ची परीक्षा होती त्या दिसा! तुमच्यापायी माझो पेपर चुकतलो होतो! धावत वर्गात गेलंय मी!"

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "परीक्षा? मगे तां पुस्तक कसला होता? माका वाटला, प्रेमाची कादंबरी."

"शिक्षणाचा इतिहास!"

तो इतका हसला की खुर्ची करकरायला लागली, आणि त्याचं हसणं बघून मीही. शेजारची बाई कुंपणाशी येऊन, सगळं ठीक आहे ना, विचारून गेली.

संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. ती बिचारी घाबरलेली. "काकू, रागावला नाहीत ना? मी काकांना विचारलं होतं, हे लिहू का म्हणून. ते म्हणाले, लिव. ती माका वाचून दाखवतली."

फोन ठेवून मी परसात गेले. ज्या माणसाला बोलता येत नव्हतं, त्याने आपली गोष्ट त्या पोरीकडून लिहून घेतली आणि माझ्याच तोंडून माझ्या कानावर घातली.

मे महिन्यात तिची कथा पूर्ण झाली. शेवट गोड होता, आम्ही दोघांनी तो दोनदा वाचला. ती आता दुसरी लिहिते आहे, काजूच्या कारखान्यात घडणारी, आणि यावेळी सल्ला माझा घेते. माझ्या पुस्तकांवरची वर्तमानपत्रंही गेली. परवा नववीतल्या एका मुलीने वर्ग सुटल्यावर हळूच विचारलं, "बाई, ही कादंबरी संपल्यावर मला द्याल?" दिली. वाचून झाल्यावर आईला दे, असंही सांगितलं.

सध्या आम्ही आणखी एका नव्या लेखिकेला धरलं आहे. तिची कथा एका डोंगरातल्या दवाखान्यात घडते, आणि डॉक्टरीणबाई कंपाउंडरला हो म्हणणार की नाही यावर आमच्या घरात दोन तट पडलेत. नवरा परत कामावर जातो. काल अकरा वाजता त्याचा जेटीवरून फोन आला. मागे कुठल्यातरी होडीचं इंजिन धडधडत होतं.

"गो, भाग इलो काय? माका सोडून वाचू नको हां!"

भाग सकाळी सातलाच आला होता. मी तो चुलीसमोर उभ्याने वाचून संपवला होता, आणि ती हो म्हणाली होती.

"नाय इलो अजून," मी म्हटलं.