गिरणीवाल्याच्या घरचं जेवण

दुपारी गिरणी बंद करून घरी आला की आमचा दादा आधी अंगणातल्या नळाखाली बसायचा. भुवया, कानांच्या पाळ्या, नखांच्या कडा, सगळीकडचं पीठ घासून काढायचा, शर्ट बाहेरच्या दोरीवर टाकायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. नवख्या पाहुण्याला वाटे, काय टापटिपीचा माणूस आहे. खरं कारण वेगळं होतं. तेलंगणातल्या आमच्या गुडीहत्नूर गावच्या निम्म्या घरांची ज्वारी आणि गहू दळून देणाऱ्या या माणसानं स्वतःच्या घरात धान्याचा कण येऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं. भाकरी नाही, पोळी नाही, भात नाही, डाळ नाही. साखर, गूळ तर नाहीच, दूधही नाही. तो, शोभावैनी, सात वर्षांची गौरी आणि चार वर्षांचा ओम, चौघांचं एकच जेवण. अंडी, मटण, मासे, पालेभाज्या, खोबरं आणि तूप.

मी त्याची धाकटी बहीण. जैनथजवळच्या एका गावात दिलेली, तिथल्याच मराठी शाळेत शिकवते. दादाला जाऊन दोन उन्हाळे झाले. गावात अजून त्याची आठवण निघाली की लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात.

पॅलिओ हा शब्द त्यानं फोनवरच्या तेलुगू व्हिडिओंतून उचलला होता, पण बोलताना तो 'आदिमानवाचं जेवण' असंच म्हणायचा. दळण घेऊन आलेल्या बाया त्याची फिरकी घेत, गिरणीवालाच भाकर खात नाही म्हणजे काय म्हणावं. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे, "दारू इकणारा दारू पेते का? अन् आदिमानव कोन्त्या गिरणीत जात होता, मले सांगा." बाया हसत, तोही हसे, आणि पट्टा चढवून गिरणी सुरू करी.

हसण्याच्या खाली मात्र एक जुनी भीती होती. आमच्या वडिलांना साखरेची बीमारी. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. दादा तेव्हा नुकताच गिरणीवर बसू लागला होता. तो त्यांना पाठीवर घेऊन न्हाणीत न्यायचा. एवढं होऊनही वडील चहात साखर मागायचे, रुसायचे, आणि दादा घालायचा. ते गेल्यावर काही वर्षांनी दादाच्याच तळपायाची एक जखम भरेना. तपासलं तर तीच बीमारी. मग हे जेवण त्याच्या हाती आलं. पोट उतरलं, जखम भरली, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. हे सगळं खरं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसांतच त्याची एक म्हण तयार झाली, "जीभ मांगते अन् पाय भरते." मागायचं जिभेनं, किंमत मोजायची पायानं. मुलांनी कुठे काही खायला हात पुढे केला की तो हेच वाक्य म्हणे, रागावून नव्हे, अगदी हळू आवाजात.

त्याला जुलमी म्हणणं सोपं आहे, पण जुलूम करणारा माणूस पहाटे उठून लेकरांसाठी स्वयंपाक करत नाही. दादा करायचा. फुलकोबी बारीक किसून तिचा भातासारखा प्रकार, अंड्याची पातळ पोळी, हाडांचा रस्सा. परसात कोंबड्या पाळल्या होत्या. बाजाराच्या दिवशी अंबाडी आणि चवळाईच्या जुड्या तो नाकाशी धरून निवडायचा. गौरी शाळेत डबा न्यायची आणि वर्गात कुणाचा वाढदिवस असला की चॉकलेट न घेता हात मागे बांधून उभी राहायची. अंगणवाडीत ओम ताटातलं अंडं तेवढं उचलायचा, भात ठेवून द्यायचा. अंगणवाडीच्या बाईंनी वैनीला दोनदा सांगितलं होतं की पोराचं वजन पुढे सरकत नाही. वैनीनं ते दादाच्या कानावर घातलं. हलकं असणं म्हणजे काही रोग नाही, असं म्हणून त्यानं विषय मिटवला. वैनी तशी कमीच बोलायची.

त्या वर्षी थंडीत मुलं दोन दिवस माझ्याकडे आली होती. आमच्या शेतात हुरडा धरला होता. माझी मुलं, चुलत भावंडं, सगळी आगटीभोवती बसून गरम दाणे फुंकून खात होती. ओम आईच्या आठवणीनं किरकिरत होता. गौरी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, आमाले चालत नाही. मी तिथूनच दादाला फोन लावला. एक मूठ खाऊ दे म्हणून विनवलं. तो म्हणाला, नाही. फोन ठेवला तेव्हा गौरी माझ्याकडे बघत होती.

"आत्या, हे खाल्लं तर आबासारखा पाय कापा लागते का?"

तिनं आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

मुलांना पोचवायला गेले तेव्हा मी दादाशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, तुझं तू काहीही खा, पण या लेकरांच्या मनात तू काय भरून ठेवलंस ते एकदा विचार. तो गिरणीच्या दारात उभा होता, मागे पट्ट्याचा आवाज चालूच होता.

"शालू, बापाले मी पाठीवर नेलं. ओमनं मले तसं न्यावं, अन् ओमले त्याच्या पोरानं. असंच चालू ठेवू काय?" तो म्हणाला. "आपल्या घरची ही गोड मौत मी पुढं जाऊ देनार नाही. तू तुयं घर पाह्य."

मी घरी परतले. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

संक्रांतीच्या सुट्ट्या लागल्या आणि एका सकाळी वैनीचा फोन आला. ओमला कालपासून उलट्या होत आहेत, पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, तुमी या, एवढंच ती बोलली. ती कधी कुणाला बोलवत नसे, म्हणून मी पहिली मिळेल ती बस पकडली. पोचले तेव्हा ओम खाटेवर पडला होता. अंग थंड आणि घामानं ओलं. हाक मारली तर डोळे अर्धे उघडायचा, पण बघायचा नाही. मी मांडीवर घेतलं तर मान एका बाजूला कलंडली.

दादा साखर मोजायचं त्याचं मशीन घेऊन आला. ओमचं बोट टोचलं. पोर कळवळलंसुद्धा नाही. दादानं मशीनवरचा आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा सैल झाला. तो चेहरा मी अजून विसरले नाही. खूप दिवसांनी सुटकेचा श्वास टाकावा, तसा श्वास त्यानं टाकला.

"साखर वाढली नाही," तो म्हणाला. "उलटीनं थकला हाय. उतरंल."

वैनीनं मशीनकडे पाहिलंही नाही. तिनं ओमला शालीत गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि दाराकडे निघाली. दादा दारात आडवा आला. कोठं चालली, म्हणून विचारलं.

"सरका," वैनी म्हणाली.

लग्न झाल्यापासून त्या बाईनं त्याला असा एक शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. तो सरकला.

शेजारी भाजीवाल्यांचा टेम्पो उभा होता. गौरीला त्यांच्या घरी ठेवलं, वैनी आणि मी पुढे बसलो, दादा मागे रिकाम्या क्रेटांमध्ये चढला. आदिलाबाद काही फार लांब नाही, पण त्या दिवशी हायवेवर ट्रकांची रांग लागली होती. मधेच ओमचा डावा हात झटके देऊ लागला. वैनीनं तो हात आपल्या मुठीत धरला आणि ड्रायव्हरला फक्त चालवा म्हणाली. मागच्या जाळीतून दादा ते बघत होता.

लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ओमला पाहिलं आणि कागद न करताच आत घेतलं. पुन्हा बोट टोचलं. बाई तेलुगू बोलणाऱ्या, आमच्याशी हिंदीत बोलल्या. पोराची साखर धोका होईल इतकी खाली गेली आहे, लगेच शिरेतून ग्लुकोज द्यायला हवं. सिस्टर सुई घेऊन आली, तसा दादानं हात पुढे करून तिचं मनगट धरलं.

"साखर मत चढाओ. हमारे घर में सबको शुगर है," तो म्हणाला. ओरडला नाही. भीक मागावी तसा म्हणाला.

डॉक्टरबाई रागावतील असं मला वाटलं. त्या त्याच्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अभी शुगर ही इसकी दवा है. देर मत करो."

दादाचा हात तसाच. मी वैनीकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत विनवणी नव्हती. मग दादानं सिस्टरचं मनगट सोडलं, खाटेच्या कडेला गुडघे टेकले, ओमचा काडीसारखा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन सरळ केला आणि सुई टोचेपर्यंत हलू दिला नाही.

"द्या," तो मराठीतच म्हणाला.

थोड्या वेळानं ओमनं डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग आईकडे. पाणी मागितलं. दादा उठून बाहेर गेला. मी मागे गेले तर तो भिंतीला टेकून फरशीवर बसला होता.

"शालू, मशीनचा आकडा पाहून मले बरं वाटलं होतं," तो म्हणाला. "बरं वाटलं होतं मले."

मी त्याच्याजवळ बसून राहिले.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी ओम काय काय खातो ते विचारलं. वैनीनं सगळं सांगितलं. दादानं मधे काही लपवलं नाही, उलट तिच्याकडून राहिलेलं त्यानंच भरलं. बाईंनी त्याला दोष दिला नाही. अंडी, मटण, भाज्या चांगल्याच आहेत, त्या सोडू नका, म्हणाल्या. पण एवढं लहान, बारीक पोर आजारी पडून उपाशी राहिलं की त्याच्या अंगात साखर शिल्लक राहत नाही, त्याला भात, भाकरी, दूध, फळं लागतातच. तुमचा आजार तुमचा आहे, त्याचं जेवण तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून करा. दादानं एकच विचारलं, ह्याला माझी बीमारी झाली तर? बाई म्हणाल्या, होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. तपासत राहू. त्यानं मान हलवली. खोटा दिलासा दिला असता तर त्यानं तो मानला नसता.

घरी आल्यावर वैनीनं भाकरी केली. गिरणीतलं पीठ दादानंच आणून दिलं. ओमनं दुधात कुस्करून खाल्ली. गौरी मात्र घास हातात धरून बसली. ती ताटाकडे बघत नव्हती, बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. दादानं चेहरा नीट ठेवायचा किती प्रयत्न केला. कपाळावरची शीर काही त्याचं ऐकेना. शेवटी तो उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला. मी मागोमाग गेले.

"माह्या तोंडाकडं पाहून घास अडकते तिचा," तो म्हणाला. "भेव माहं हाय. मी बाहीरच बरा."

तेव्हापासून मुलं जेवायला बसली की तो ओट्यावर. उन्हाळ्यात, गार वाऱ्यात, पाहुणे असोत नसोत. वैनीनं दोनदा आत बोलावलं, मग तीही बोलवेना. स्वतःचं जेवण त्यानं बदललं नाही, आणि 'जीभ मांगते' हे वाक्य पुन्हा त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. गौरीला बराच काळ लागला. कधी खायची, कधी अर्धी भाकर ताटात ठेवून उठायची. अजूनही तिला गोड दिलं तर ती आधी क्षणभर थांबते. ओमचे गाल मात्र भरले.

पुढे काही वर्षांनी दादा हृदयाच्या झटक्यानं गेला. गिरणीतच, कुणाची तरी पिशवी वजनकाट्यावर ठेवत असताना. लोक म्हणाले, एवढं जपून काय मिळालं. मला त्याची आठवण येते ती एका उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, दुपारची.

मी तेव्हा सणाला माहेरी आले होते. आत पानं वाढली होती आणि दादा नेहमीसारखा ओट्यावर. ओम आपलं ताट दोन्ही हातांत सांभाळत बाहेर आला आणि बापाला चिकटून बसला. ताटात भात, वरण, पुरणपोळीचा तुकडा. दादा रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे बघत राहिला. ओमनं एक घास घेतला, दुसरा घेतला. मग उष्ट्या हातानं बापाची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"बाबा, इकडं पाहा ना. मी खाऊन राह्यलो."

दादानं पाहिलं. कपाळावरची शीर ताठच होती. पण त्यानं मान वळवली नाही. पोराचं ताट रिकामं होईपर्यंत तो बघत राहिला.