प्रिय ठमाताई

सकाळी मेल आला: 'प्रिय ठमाताई, डोंगराच्या कुशीत आपला हक्काचा प्लॉट!'

नको असलेल्या मेलवर मी सगळे उपाय करून पाहिलेत. फिल्टर लावला, त्यानं बँकेचं पत्रही गिळलं. 'पुन्हा पाठवू नका' असं कळवलं, तर दुप्पट यायला लागले. शेवटी मी प्रत्येकाला वेगळ्या नावाचा मेलचा पत्ता द्यायला लागले. साडीच्या दुकानाला सुलोचनाबाई, दवाखान्याला सुलू. त्यानं मेल थांबत नाहीत, पण आपला पत्ता कोणी वाटला ते कळतं. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक होतं.

मला ठमी म्हणणारा फक्त माझा दादा. त्या नावाचा पत्ता मी त्यालाच दिला होता, आईचे जुने फोटो पाठवायला.

लगेच फोन केला.

"अगं, पाच जणांचे पत्ते दिले की प्रवासाची बॅग फुकट होती," दादा हसत म्हणाला. "एवढं काय त्यात?"

खरंच, एवढं काय? प्लॉटवाल्यांना मी ब्लॉक करून टाकलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय गं ठमे?" म्हणाला, नेहमीसारखंच. आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आता हा काहीतरी विकणार.