तीन कॉलेजांच्या मिनिट्सअक्का

मिनिट्सअक्कांना काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असायचं, "बघून सांगते." कुठला ठराव कुठल्या बैठकीत झाला, कुणी मांडला, कुणी तोंड वाकडं केलं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. तरी त्या उठायच्या, कपाट उघडायच्या, बाड काढायच्या, चष्मा पुसायच्या आणि ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवायच्या. एकदा कॅन्टीनवाल्याने विचारलं, "अक्का, कॉफीत साखर घालायची ना?" तर सवयीने "बघून सांगते" म्हणून गेल्या. सगळं ऑफिस हसलं, त्याही हसल्या.

तंजावूरच्या आमच्या विद्यापीठात मी कनिष्ठ सहायक म्हणून लागले तेव्हा त्या सिंडिकेट विभागाच्या प्रमुख होत्या. सिंडिकेट म्हणजे विद्यापीठाचा कारभार ठरवणारी समिती. तिच्या प्रत्येक बैठकीचे मिनिट्स अक्का लिहायच्या, म्हणून हे नाव. पहिल्याच आठवड्यात एक लोखंडी कपाट अडकलं. अक्का त्याच्याशी झटापट करत पुटपुटल्या, "असकी कपाटं उघडतात, हेच मेलं हट्टी!" ‘असकी’ म्हणजे सगळी, आम्हा तंजावूरच्या मराठी घरांतला शब्द. हा शब्द मी घराबाहेर कधी ऐकला नव्हता. मी चमकून पाहिलं. त्यांनीही पाहिलं. "अय्यो, तू आपल्यातली होय ग? मग बघत काय उभी राहिलीस? ओढ तिकडून!" त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींशी मराठीत बोलू लागलो. अक्कांना देवनागरी येत नव्हती. बैठकीत मला काही सांगायचं झालं की त्या मराठीच लिहायच्या, पण तमिळ अक्षरांत. चिठ्ठी कुणाच्या हाती पडली तरी त्याला वाचता यायची, कळायची मात्र नाही.

विद्यापीठ तीन कॉलेजं एकत्र करून झालेलं. तंजावूरचं जुनं आर्ट्स कॉलेज, ओरत्तनाडूचं शेतकी कॉलेज आणि पापनाशमचं मुलींचं कॉलेज. तिघांच्या तीन तऱ्हा. तंजावूरवाल्यांना वाटायचं की विद्यापीठ आपलंच, बाकीचे पाहुणे. ओरत्तनाडूवाले जमिनीचा विषय निघाला की बाह्या सरसावायचे. पापनाशमवाल्या बायका खाली मान घालून बसायच्या, कारण त्यांचं कॉलेज सगळ्यांत लहान. अक्का मूळच्या पापनाशमच्या. तिथे टायपिस्ट म्हणून त्यांनी सुरुवात केली होती. विलीनीकरणानंतर मात्र त्यांनी कुठल्याच कॉलेजची बाजू घेतली नाही.

पहिल्या बैठकीचा किस्सा आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होता. कार्यक्रमपत्रिकेवर कॉलेजांची नावं कुठल्या क्रमाने छापायची यावरून आठवडाभर वाद चालला होता. अक्कांनी एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला तमिळ अशी पत्रिका छापून घेतली, दोन्हीकडे नावं त्या त्या वर्णमालेप्रमाणे. तंजावूरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते, त्यांना सगळे ‘पेरियसार’, म्हणजे मोठे सर म्हणत. इंग्रजीत तंजावूर शेवटी पाहून ते संतापले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "सर, पान उलटा. तमिळमध्ये पापनाशम शेवटी आहे." पेरियसारांनी पान उलटलं, नाकातून हुंकार काढला आणि बसले.

मी लागून बरीच वर्षं झाली होती, तेव्हा एका दुपारी सेल्वी आली. पापनाशमजवळच्या खेड्यात ती शाळेत लहान मुलांना शिकवायची. आता कायम व्हायची वेळ आली होती आणि शिक्षण खात्याने तिच्या प्रमाणपत्राची पडताळणी मागितली होती. ते प्रमाणपत्र पापनाशमच्या कॉलेजमधल्या नर्सरी शिक्षिकांच्या डिप्लोमाचं होतं. सेल्वी त्याच्या शेवटच्या तुकडीतली. पुढे तो अभ्यासक्रम बंद झाला. आमच्या ऑफिसने तिच्या अर्जावर उत्तर दिलं होतं, ‘या विद्यापीठात असा अभ्यासक्रम कधीही नव्हता.’

"मॅडम, इतकी वर्षं शिकवलं ते काय खोटं होतं?" एवढंच ती म्हणाली. तिच्या मागे जिन्यावर आणखी पाचसहा जणी उभ्या होत्या. सगळ्यांच्या हातात तेच प्रमाणपत्र आणि तेच उत्तर.

अक्का त्या बायकांना घेऊन रजिस्ट्रारांकडे गेल्या. मीही गेले. रजिस्ट्रार नवीन होते. माणूस वाईट नव्हता, पण सहीला घाबरायचा. अक्का म्हणाल्या, "सर, हा डिप्लोमा होता. मला आठवतंय. गुणांची रजिस्टरं आपल्याच रेकॉर्ड रूममध्ये पडली आहेत."

"असतील रजिस्टरं. पण तो अभ्यासक्रम आपण आपला मानला असं कुठे लिहिलंय?" रजिस्ट्रार म्हणाले. "आणि तुम्ही स्वतः पापनाशमच्या. तुम्हाला आठवणारच."

अक्कांचा चेहरा खर्रकन उतरला. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाच ‘मला आठवतंय’ म्हटलं होतं आणि त्याचं हे झालं. बाहेर येऊन त्या सेल्वीला म्हणाल्या, "महिनाभर थांब, बाळा. पुढच्या सिंडिकेटला हा विषय लावते."

मग शोध सुरू झाला. विद्यापीठाच्या तिसऱ्या बैठकीच्या मिनिट्समध्ये एक ओळ सापडली, ‘परिशिष्ट चार मंजूर.’ ओळ अक्कांच्याच हातची होती. पण परिशिष्ट चार बाडात नव्हतं. पहिल्या वर्षी बैठका पाळीपाळीने तिन्ही ठिकाणी व्हायच्या. तिसरी ओरत्तनाडूला झाली होती. अक्कांनी आणखी दोन दिवस इथली बाकीची बाडं चाळली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "परिशिष्ट ओरत्तनाडूलाच राहिलं असणार. रजा टाक ग. आपल्याला बसने जायचंय."

ओरत्तनाडूच्या कॉलेजमध्ये जुने कागद बियाण्यांच्या कोठीत ठेवले होते. तिथल्या हेडक्लार्कने कुलूप काढून दिलं आणि धुळीच्या भीतीने तो बाहेरच थांबला. भाताच्या पोत्यांमागे दोन कपाटं होती. पहिलं रिकामं करेपर्यंत दुपार झाली. पदर नाकाला लावून आम्ही एकेक गठ्ठा सोडत होतो. दुसऱ्या कपाटात, बांधबंदिस्तीच्या नकाशांच्या खाली, एक पिवळी फाइल निघाली. अक्कांनी ती उघडली आणि पोत्यावर बसल्या. ओठ हलवत एकदा वाचली, परत वाचली. मग माझ्याकडे सरकवली. "तू वाच. माझ्या डोळ्यांना आज हवं तेच दिसेल."

मी मोठ्याने वाचलं. पहिल्या पानावर डिप्लोमाच्या शेवटच्या तुकडीचा निकाल, नावानिशी. दुसऱ्या पानावर आधीच्या सगळ्या तुकड्यांची रजिस्टरं विद्यापीठाने ताब्यात घेतल्याची यादी. खाली परीक्षा मंडळातल्या तिघांच्या सह्या. निकालात सेल्वीचं नाव आलं ते मी दोनदा वाचलं. अक्का पोत्यावरून उठल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चल. आता जेवू या. मला चार इडल्या लागतील."

सिंडिकेटच्या बैठकीत अक्का नेहमी रजिस्ट्रारांच्या मागे बसायच्या. लिहायचं, बोलायचं नाही, असा त्या खुर्चीचा रिवाज. त्या दिवशी विषय निघाला आणि रजिस्ट्रार म्हणाले, "हे अर्ज नामंजूर करावेत अशी शिफारस आहे." मी फाइल घेऊन दाराशी उभी होते. शिपायाने अक्कांची चिठ्ठी आणून दिली. तमिळ अक्षरांत मराठी, "सरळ कुलगुरूंच्या हातात दे. वाटेत कुणी मागितली तर तुला ऐकू येत नाही." रजिस्ट्रारांनी हात पुढे केला. मला ऐकूही आलं नाही आणि दिसलंही नाही.

कुलगुरू पान उलटत असताना अक्का उभ्या राहिल्या. "सर, विद्यापीठात हा अभ्यासक्रम नव्हता असं आपण कळवलं आहे. विद्यापीठाने स्वतःच्या तिसऱ्या बैठकीत त्याचा परीक्षेचा निकाल मंजूर केला आहे. मूळ कागद आपल्या हातात आहे."

कुलगुरूंनी फाइल पेरियसारांकडे दिली. ते आता खूप थकले होते, कागद डोळ्यांपाशी नेऊन वाचत होते. मग त्यांनी टेबलावर थाप मारली. "ही सही माझी आहे! परीक्षा मंडळाचा अध्यक्ष मी होतो. आणि आपण त्या बायकांना असा अभ्यासक्रमच नव्हता म्हणून कळवलं?"

पापनाशमच्या प्राचार्या कधी बोलत नसत, त्या म्हणाल्या, "मी ठराव मांडते." ओरत्तनाडूवाल्यांनी अनुमोदन दिलं. रजिस्ट्रार आपली शिफारस बाजूला सारत म्हणाले, "पडताळणीवर सही मी स्वतः करीन. उद्यापासूनच." तिन्ही कॉलेजांचे हात एकदम वर गेलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. अक्का खाली बसून लिहीत होत्या. लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते.

पुढच्या सोमवारी पापनाशमहून बायका आल्या, एक नाही, दोन बस भरून. जिन्यावर, व्हरांड्यात, आवारातल्या कडुनिंबाखाली सगळीकडे रांग. सगळं ऑफिस मोगऱ्याने घमघमलं. अक्का एकेक रजिस्टर उघडून बोट ठेवत होत्या, मी नोंद करत होते, रजिस्ट्रार सही करत होते. सेल्वीचा कागद तयार झाला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, अक्कांच्या पाया पडायला वाकली. अक्कांनी तिला खांद्याला धरून उभं केलं. "टीचरने असं वाकू नये. मुलं बघतात." मुलं कुणीच नव्हती तिथे, पण सेल्वी ताठ उभी राहिली आणि तशीच जिना उतरून गेली.

वर्षभरात अक्का निवृत्त झाल्या. निरोप समारंभ कुठे करायचा यावर तिन्ही कॉलेजं अशी भांडली की शेवटी तीन समारंभ झाले. अक्का तिन्हीकडे गेल्या, तिन्हीकडे केसरीभात खाल्ला आणि प्रत्येक ठिकाणी ‘आमचं कॉलेज’ म्हणून बोलल्या. आता त्या पापनाशमला स्टेशनजवळ राहतात. मी भेटायला गेले की पायरीवर बसून मराठीत पोटभर गप्पा होतात.

त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. गेल्या आठवड्यात मदुरैच्या एका शाळेचं पत्र आलं, पापनाशमच्या डिप्लोमाची पडताळणी हवी म्हणून. मी रजिस्टर काढलं, नाव शोधलं, विद्यापीठाचा शिक्का मारला आणि सहीला पाठवलं. दहा मिनिटं लागली.