चारशेची दुनळी

मेलुसी ड्लोड्लोला शिकाऱ्याचा परवाना मिळाला तेव्हा त्याच्या कानशिलावरचे केस पिकायला लागले होते. त्याआधीची सगळी उमर त्याने झांबेझीच्या खोऱ्यात दुसऱ्यांच्या बंदुकीपुढे चालण्यात घालवली होती. माग काढणारा पुढे आणि बंदूकवाला मागे, अशीच तिथे चालायची रीत. त्यामुळे समोरच्या रानरेड्याची त्याला भीती वाटायचीच, पण पाठीमागच्या बंदुकीची त्याहून जास्त वाटायची.

परवाना मिळाल्यावर कॅम्पचा मालक रॉरी पेनहेल याने त्याची पाठ थोपटली आणि त्याला हरणं मारायला आलेली गिऱ्हाइकं दिली. हत्ती आणि रेडे मात्र जुन्या गोऱ्या शिकाऱ्यांकडेच राहिले.

"रागावू नकोस," रॉरी म्हणाला. "तुझ्या हातात कॅम्पची ती म्हातारी एकनळी, बोल्टची रायफल. लांबून आलेला माणूस हत्तीपुढे उभा राहतो ना, तेव्हा हत्तीकडे नंतर बघतो, आधी तुझ्या हाताकडे बघतो. दुनळी दिसली की त्याला धीर येतो. दुनळी आण, रेडे तुझे."

"कोणती आणू, बॉस?"

"पाचशेची. नाहीतर चारशे सत्तरची. गिऱ्हाइकं त्याच आणतात, आणि उरलेली काडतुसं जाताना आपल्यालाच ठेवून जातात. आपण सगळे त्या खरकट्यावरच जगतो. दुकानात काडतुसं मागून बघ, माशाचे गळ मिळतील तुला!"

दुनळीला शेजारी शेजारी दोन नळ्या असतात आणि दोन घोडे; पाचशे, चारशे हे नळीचं माप, आकडा जितका मोठा तितकी गोळी जाड आणि खांद्याला धक्काही मोठा. एक बार झाला की दुसरा तयारच असतो, मध्ये खटखट करावी लागत नाही. जनावर अंगावर येत असताना त्या दुसऱ्या बाराइतकं मोलाचं दुसरं काही नसतं. मेलुसीला हे कोणी सांगायची गरज नव्हती. एका हंगामात शिकाऱ्याचा दुसरा बार वेळेवर निघाला नव्हता आणि रेड्याने मेलुसीचा उजवा खांदा मोडला होता.

त्याने गावाकडची गुरं विकली. बायको नोमागुगूने दोन दिवस भांडी आपटली.

"झानेलेचे बाबा, लोक गुरं देऊन बायको आणतात. तुम्ही घरात बायको असताना गुरं देऊन लोखंड आणताय."

"लोखंड माहेरी जात नाही," मेलुसी म्हणाला.

"आणि पोटही भरत नाही."

बुलावायोबाहेरच्या एका फार्मवर वारलेल्या शिकाऱ्याची विधवा दोन दुनळ्या विकायला बसली होती. एक पाचशेची, एक चारशेची. किंमत जवळपास सारखीच. मेलुसी सोबत मुन्साकाला घेऊन गेला. मुन्साका टोंगा जमातीचा, नदीकाठचा, वयाने मोठा. दोघांनी बरोबरीने माग काढले होते. आता मेलुसी शिकारी झाला, तर त्याच्या पुढे मुन्साकाच चालणार होता.

वारुळावर कागद लावून मेलुसीने आधी पाचशेची घेतली. पहिल्याच बाराला दस्ता जुन्या मोडलेल्या हाडावर असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरा बार त्याने काढला खरा, पण कागदाला काही लागलं नाही.

"डोळे मिटलेस," मुन्साका म्हणाला.

"नाही, बाबा."

"मी रेडा असतो ना, तर तुझ्या पापण्या मोजून तुला सांगितल्या असत्या."

मग चारशेची. हलकी होती, आणि जणू त्याच्या मापानेच शिवलेली. दोन बार झाले. कागदावरची दोन भोकं एकमेकांना चिकटली होती.

मुन्साकाने भोकांवर बोट फिरवलं. "हीच घे."

"पेनहेल म्हणतो पाचशेची घे. हिची काडतुसं मिळत नाहीत."

"तुझ्यापुढे मी चालणार आहे, पेनहेल नाही."

मेलुसीने चारशेची घेतली. आयुष्यभर बंदुकीपुढे चाललेल्या माणसाने स्वतःच्याच बंदुकीला घाबरणारे कितीतरी शिकारी पाहिले होते. आपण तसे व्हायचं नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. विधवेने शिल्लक काडतुसांचा डबा बंदुकीबरोबरच दिला.

कॅम्पवर हसायला निमित्तच मिळालं. "माझ्या बायकोला दे, कोंबड्यांवर घार येते," एक जण म्हणाला. रॉरीने बंदूक हातात घेतली, खांद्याला लावली, खाली ठेवली आणि शब्द दिल्याप्रमाणे रेड्यांची गिऱ्हाइकं दिली.

पहिला हंगाम बरा गेला. मेलुसी कमी बार काढायचा आणि काढलेला बार लागायचा. पण इतरांच्या पेट्या भरत होत्या आणि त्याचा डबा रिकामा होत होता. कोणाचं गिऱ्हाईक पाचशेची काडतुसं टाकून गेलं, कोणाचं चारशे सत्तरची. चारशेची कोणीच आणत नव्हतं. त्याने बुलावायोत विचारलं, धबधब्याकडच्या शिकाऱ्यांना विचारलं, सरहद्दीपलीकडून मागवायचं म्हटलं तर परवानगीतच दुसरा हंगाम निघून गेला असता. त्याने सराव बंद केला. तंबूबाहेर बसून तो काडतुसं फडक्याने पुसायचा आणि पुन्हा डब्यात ठेवायचा.

"उबवतोस की काय?" मुन्साका विचारायचा. "पिल्लं निघाली की मलाही दोन दे."

कॅम्पचा एक नियम होता आणि तो मेलुसी स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. रेडा पडला तरी त्याला आणखी एक बार घालायचाच, मेलेला दिसला तरी. त्यानंतर माग काढणाऱ्याने मागच्या बाजूने जायचं आणि लांब काडीने त्याच्या डोळ्याला स्पर्श करायचा. पापणी हलली नाही, म्हणजे रेडा मेला. तो जादा बार झाल्याशिवाय माग काढणारा पाऊल उचलत नसे.

हंगाम संपत आला तेव्हा हॅस्केल नावाचा टेक्सासचा घरं बांधणारा माणूस आला. बोलायला मोठा, नेमाला कच्चा. त्याने एका म्हाताऱ्या रेड्याच्या पोटात गोळी घातली आणि रेडा काटेरी झाडीत शिरला. तिघे त्याच्या मागावर गेले. झाडीत वाकून चालावं लागत होतं. मुन्साका एकाएकी थांबला आणि बाजूला सरकला. मेलुसीला आधी झाडी हलताना दिसली, मग शिंगं.

त्याने उजवा घोडा ओढला. रेडा गुडघ्यांवर आला, नाक मातीत घुसलं आणि तो कुशीवर पडला. हॅस्केल शिव्या घालत आपली रायफल भरायला लागला. त्याची काडतुसं जमिनीवर पडत होती.

मेलुसीचं बोट डाव्या घोड्यावर होतं. पुढच्या आठवड्यात त्याचं पहिलं हत्तीचं गिऱ्हाईक यायचं होतं आणि डब्याच्या तळाला जे उरलं होतं ते मुठीत मावलं असतं. रेडा निपचित होता. गोळी जिथे लागायला हवी तिथेच लागली होती, ते त्याने पाहिलं होतं.

मुन्साका काडी तोडून उभा होता, बाराची वाट बघत. त्याने वळून मेलुसीकडे पाहिलं.

मेलुसीने बंदूक थोडी खाली केली आणि हनुवटीने खूण केली, जा.

मुन्साका क्षणभर तसाच उभा राहिला. आणि मग गेला.

काडी डोळ्यापर्यंत पोचायच्या आत रेडा उठला. मेलुसीने डावा बार काढला तेव्हा मुन्साका शिंगावर होता. गोळी मानेत बसली, रेडा जागीच मेला. राखून ठेवलेलं काडतूस गेलंच.

मुन्साकाचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

"मी काय सांगितलं होतं?" रॉरी शेकोटीशी म्हणाला. तो ओरडला नाही, तेच वाईट होतं. "चारशेने रेडा खाली बसतो, मरत नाही. मोठी बंदूक असती तर म्हातारा आज इथे असता."

"मी पाहिलं ना," हॅस्केल म्हणाला. "गोळी नेमकी बसली. पण जोर नव्हता."

सगळे मेलुसीकडे बघत होते. जादा बार का घातला नाही, हे कोणीच विचारलं नाही. दोन बार झाले एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, दुसरा जादाचाच असं ते धरून चालले होते, आणि मध्ये काय झालं ते हॅस्केलने पाहिलंच नव्हतं, तो जमिनीवर काडतुसं शोधत होता. खरं सांगितलं असतं तर परवाना गेला असता. परवान्यापलीकडे जे गेलं असतं, त्याला काय म्हणायचं ते मेलुसीला माहीत नव्हतं.

"हो, बॉस," तो म्हणाला. "जोर कमी पडला."

हॅस्केलने ती दुनळी आठवण म्हणून विकत घेतली. त्या पैशांत मेलुसीने विधवेची पाचशेची आणली. पुढच्या हंगामात गिऱ्हाइकांनी टाकलेल्या काडतुसांनी त्याची पेटी झाकण लागेना इतकी भरली. प्रत्येक बाराला तो डोळे मिटत होता. त्याच्यापुढे चालणारा नवा माणूस वळून बघत नसे, त्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

मुन्साकाला भेटायला तो पाऊस संपल्यावर गेला. नदी अडवून झालेल्या सरोवराच्या काठी जाळ्यांवर बारीक मासळी वाळत घातली होती आणि मुन्साका कुबडी बगलेत धरून ती उलटत होता.

"या शिकारीसाहेब," तो म्हणाला. "बसा. खुर्ची नाही, दगड आहे."

मेलुसी बसला. मुलांची चौकशी झाली, पाण्याची झाली, मगरींची झाली.

"लोक हसतात मला," मुन्साका म्हणाला. "म्हणतात, म्हाताऱ्याने स्वतःच बंदूक निवडली आणि स्वतःचाच पाय घालवला. पेनहेलने निरोप पाठवला, बंदूक तुझ्या सल्ल्याने घेतली, कॅम्प काय करणार? माझी म्हातारीही तेच म्हणते आता. म्हणते, चारशे, चारशे करत होतात ना?"

मेलुसी मासळीकडे बघत राहिला.

"मी त्या दिवशी वळून पाहिलं होतं," मुन्साका म्हणाला. त्याचा हात थांबला होता. "तुझं बोट कुठे होतं ते मी पाहिलं. म्हणून तुलाच विचारतो. तू काय म्हणतोस? बंदूक लहान होती का?"

वाऱ्याने मासळीचा वास अंगावर येत होता.

"गोळीला जोर कमी पडला, बाबा."

मुन्साकाने मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिला. मग पुन्हा मासळी उलटायला लागला.

"बरं," तो म्हणाला. "मग माझंच चुकलं."

मेलुसी उठला तेव्हा मुन्साकाची बायको झोपडीतून बाहेर आली. तिच्या हातात कागदात बांधलेली वाळकी मासळी होती. "झानेलेला द्या," ती म्हणाली. "गरिबाघरचं आहे, पण घ्या."

त्याने दोन्ही हात पुढे करून ते पुडकं घेतलं, जसं वडीलधाऱ्यांकडून घ्यायचं असतं तसं, आणि वाटेला लागला.