पाखराच्या झाडाला हात लावायचा नाही

माझा बाप दारू पीत नव्हता. हे आधीच सांगते, कारण मारहाण म्हटली की लोक लगेच बाटली शोधतात. तो चहा पिऊन मारायचा. म्हशीचं दावं सुटलं, वरण खारट झालं, काहीही पुरायचं. मायला मारून झालं की अंगणात जायचा आणि तिचं झाड उपटून उकिरड्यावर फेकायचा.

झाड म्हणजे बर्ड ऑफ पॅराडाइज. गोंदियाला मावशीच्या दारात मायनं त्याचं फूल पाहिलं, केशरी तुरा, त्यात निळं पातं, आणि तिथंच हरखली. एक फुटवा मागून घेतला, एसटीत मांडीवर धरून गावी आणला. इंग्रजी नाव जिभेवर बसेना, म्हणून ती त्याला पाखराचं झाड म्हणे.

बापानं उपटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ती ते उकिरड्यावरून आणायची, चिखल करून पुन्हा रोवायची. सुजलेल्या ओठांनी मलाच समजवायची, "पऱ्हे उपडून रोवल्याशिवाय धान होते काय? ह्याचंही तसंच रायते." जन्मभर धानाची कोवळी रोपं उपटून चिखलात रोवणी केलेली बाई. उपटलेलं जास्त जोमानं वाढतं, यावर तिचा खरोखर विश्वास होता. मला तिचा भयंकर राग यायचा. मार खाणाऱ्या माणसाचाही राग येतो, हे कोणी कबूल करत नाही. मी करते.

बारावीत होते तेव्हा गोरेगावच्या बाजारात एका रोपवाल्याला विचारलं, सात वर्षं झाली, फूल का येत नाही? तो म्हणाला, "बार-बार उखाड़ोगे तो जिंदगी में नहीं आएगा. एक जगह छोड़ दो, जड़ें कसने दो. चार साल, पाँच साल." घरी येऊन मायला सांगितलं तर ती हसली. "चार साल? मंग तं झालंच," म्हणाली.

त्या हसण्यानं माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी ठरवून टाकलं, या झाडाला फूल येणार म्हणजे येणारच.

महिनाभरात रोवणी लागली. रोवणीच्या बायांचा चहा उशिरा झाला म्हणून बापानं मायला वेणी धरून ओढलं, तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. मग झाडाकडे वळला. त्यानं बुंधा धरला आणि मी फावड्याचा दांडा त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. खरं सांगते, बरं वाटलं. फार बरं वाटलं. "झाडाले पुन्हा हात लावला तं दुसराही मोडीन!" मी ओरडले. कपाळातून रक्त गळत असलेली माय उठली आणि तिनं माझ्याच थोबाडीत दिली. "बाप होय थो तुया! काऊन मारलं?"

दवाखान्यात तिघांनीही एकच सांगितलं, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून बापाचा पाय घसरला.

त्यानंतर बापानं झाडाला हात लावला नाही, मायलाही नाही. घरात आता माझा आवाज चढू लागला. शेजारच्या शेळीनं एक पान खाल्लं, तिला दगड मारून लंगडी केली. शेळीवाली भांडायला आली, तिलाही सोडलं नाही. मायला धानाच्या बांधीत भरावं तसं झाडाच्या बुडाशी पाणी भरायची सवय. एकदा मी तिच्या हातातली पाण्याची गुंडी लाथेनं उडवली. "कुजून मरते ना थे! सांगून नाई राहिली काय मी तुले?" ती खाली वाकली. चेपलेली गुंडी उचलून आत गेली.

पाचव्या हिवाळ्यात पानांमधून हिरवी चोच बाहेर आली. तेव्हा मी अर्जुनी मोरगावला शिकवणी वर्गात शिकवत होते. फूल उमललं तसा मायनं फोन केला. रविवारची पहिलीच एसटी पकडून निघाले. रस्ताभर एकच वाटत होतं, जिंकलो आपण.

अंगणात झाड होतं, फूल नव्हतं. दांडा विळ्यानं कापलेला. फूल आत होतं, बापाच्या खाटेजवळ, स्टीलच्या गिलासात.

"त्याचे घुडगे धरले ना," माय म्हणाली, तेही खुशीत. "अंगणात येता येत नाई त्याले. पाहाचं म्हणे, म्हून कापून देल्लं."

त्याला! पहिलं फूल त्याला! माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं. नकोच ते झाड, मुळासकट उखडून टाकते, म्हणत मी बाहेर आले, भिंतीला टेकलेली कुदळ उचलली. माय मागोमाग धावत आली आणि झाडापुढे उभी राहिली. मी कुदळ झाडावर उगारली होती, तिच्यावर नाही. पण माय मटकन खाली बसली, दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं आणि म्हणाली, "चुकलं माह्यं. नोको मारू."