तगरचं टेकाड की मामांची समाधी

नाशिकहून निघताना मी पिशवीत तीन वस्तू आठवणीने टाकल्या : मोजपट्टी, भिंग आणि कोरी वही. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, लग्नाचा आहेर, माझ्या गोळ्या आणि दोघांचे कपडे टाकले. लग्न धाराशिवला होतं, माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं. पण मी मनातून निघालो होतो तो तेरला. तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल थेट रोमला जात असे, हे मी आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी त्यांनी माझं व्याख्यानच ठेवलं. विषय, ‘तगर ते रोम’. या दोन्हींपैकी एकही गाव मी पाहिलेलं नव्हतं, पण ते पत्रिकेत छापायचं काही कारण नव्हतं.

मे महिन्यातलं धाराशिव सकाळी सातलाच तापायला लागतं. लग्न छान झालं. गुलाबजामांसाठी हे गाव उगीच नावाजलेलं नाही, हे मी चार वेळा पडताळून पाहिलं. दुसरा दिवस मोकळा होता आणि संध्याकाळी सहाला परतीची बस होती. लॉजच्या खाली चहा पिताना मी तेरचा नकाशा उलगडला, तेव्हा सुमन म्हणाली की मामांचा फोन आला होता.

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा, शिवाप्पामामा. तेरच्या अलीकडे, ढोकीच्या बाजूला त्यांचं गाव. आयुष्यभर किराणा दुकान चालवलं, आता वय त्र्याऐंशी. आमचं लग्न नोंदणी पद्धतीने झालं, कारण सुमन लिंगायत आणि मी नाही. तिच्या घरचं कुणी येणार नव्हतं. मामा एकटे एसटीने आले, कचेरीत शिरले, “कुठं सही करू?” एवढंच विचारलं आणि साक्षीदार म्हणून सही करून पुढच्या गाडीने दुकान उघडायला परत गेले.

त्यांचा निरोप असा होता की समाधी बांधून झाली आहे, येऊन बघून जा. लिंगायतांत दहन करत नाहीत. माणसाला खाली, मातीत, बसवतात. मामांनी स्वतःची जागा शेतात, मामींच्या समाधीशेजारी, जमिनीखाली बांधून घेतली होती, आणि नवीन घर दाखवायला बोलवावं तसं ते आम्हाला बोलवत होते.

मी सुमनला समजावलं. समाधी कितीही सुबक असली तरी जोवर तिचा मालक बाहेर हिंडतो आहे तोवर ती प्रेक्षणीय स्थळांत मोडत नाही. शिवाय मामा खणखणीत आहेत, पुढच्या वर्षीही येता येईल.

“तुमचं टेकाड दोन हजार वर्षं थांबलंय,” सुमन म्हणाली. “ते आणखी एक वर्ष थांबणार नाही का?”

आम्ही ठरवलेल्या गाडीचे चालक गफूरभाई शेजारीच उभे होते. त्यांनी निकाल दिला, “दोन्ही जमायचं न्हाय साब. धूप बघा की. धड एकच करा.” न बोलता नकाशाकडे बघत राहण्याची माझी एक पद्धत आहे, आणि चाळीस वर्षांत ती फारशी वाया गेलेली नाही. सुमनने मामांना फोन लावून सांगितलं की या खेपेला जमत नाही. पलीकडून ते काय म्हणाले असं मी विचारलं. ती म्हणाली, “बरं म्हणाले.” ढोकीच्या साखर कारखान्याची चिमणी दिसेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

तेरला उत्तम वस्तुसंग्रहालय आहे. हस्तिदंत, मणी, मातीच्या मूर्ती, सगळं तिथे नीट मांडून ठेवलेलं आहे असं ऐकतो. मी तिथे गेलो नाही. काचेआडचं पाहणं हा नवशिक्यांचा छंद, खरा अभ्यासक थेट जागेवर जातो, असं मी मंडळात बोलून बसलो होतो. तेव्हा सुमनला एका लिंबाखाली बसवून मी टोपी घातली आणि थेट जागेवर गेलो.

जागा म्हणजे एक टेकाड. पांढरट माती, बाभळी, खापरांचे तुकडे आणि शेळ्या. रोमच्या दिशेने पाहिलं तर आणखी एक टेकाड. अर्ध्या तासात मी तीन खापरं भिंगाखाली घेतली. त्यातलं एक चहाच्या कपाचा कान निघालं. मग उजव्या चपलेचा अंगठा तुटला आणि तापलेल्या इतिहासावरून मी एका पायावर उड्या मारू लागलो.

शेळ्या राखणारी एक बाई बाभळीखालून हे बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“काय हुडकायलाव?”

मी म्हटलं, जुनं गाव. तिने मला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि चपलेला सुतळी बांधून दिली. बांधताना ती जे बोलली तेच पुढे माझ्या वहीतलं तेरवरचं एकमेव टिपण ठरलं. तिच्या आज्याच्या वेळेला अशा जुन्या टेकाडांची पांढरी माती गाड्या भरभरून जायची. ती चिकट, पाणी धरत नाही, म्हणून अवघ्या भागातली माळवदं (मातीच्या सपाट छताची घरं) तिनेच लिंपलेली. जुनं गाव लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. मग घरोघर सिमेंटचे स्लॅब पडले आणि ती माती उकिरड्यावर गेली.

“एका म्हाताऱ्यानं तेवढी जपून ठिवलीया म्हनत्यात,” ती म्हणाली. “हितून दोन गावं सोडून. दुकानवाले आप्पा. घराचं माळवद उतरिवलं, ती माती आपल्या खड्ड्यावर घातली. लई नाद हाय बगा त्या म्हाताऱ्याला.”

मी लिंबाखाली परतलो आणि सुमनला गंभीरपणे सांगितलं की संशोधनाच्या दृष्टीने आता मामांकडे जाणं अपरिहार्य झालं आहे. तिने माझ्या चपलेच्या सुतळीकडे पाहिलं आणि गाडीत बसली.

मामा ओट्यावरच बसले होते. धुवट धोतर, कपाळाला विभूती. आम्ही येणार नाही असं कळवूनही आत हुग्गी (गव्हाची खीर) तयार होती. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले की न येणारे लोक बहुधा जेवायच्या वेळेला येतात, हा दुकानातला अनुभव आहे. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर हुग्गी. गफूरभाईंनाही पंगतीला बसवून घेतलं. जेवताना कळलं की मामांचा मुलगा महेश पुढच्या आठवड्यात त्यांना पुण्याला नेणार आहे. घरात एकट्याने पडायला नको, असं त्याचं म्हणणं. त्याचं काही चूक नव्हतं आणि मामाही तसं म्हणाले. मात्र त्यानंतर त्यांनी ताटातली हुग्गी संपवली नाही.

शेतात मामींच्या समाधीवर बेलाचं झाड आहे. त्याच्या उजव्या हाताला पाच पायऱ्या खाली उतरत होत्या. वर पांढऱ्या मातीचा जाड थर, नीट चोपून लिंपलेला. मी खाली वाकून तो भिंगातून पाहिला. त्यात एक निळसर मणी अडकलेला होता, मुगाच्या दाण्याएवढा. ज्यासाठी मी दोन दिवस आलो होतो ते हेच, आणि ते मामांच्या डोक्यावर पडणार होतं. मी मणी तिथेच राहू दिला.

मामांना गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरता येत नव्हत्या. ते वरून सांगत होते. लांबी-रुंदी स्वतःच्या पावलांनी मोजलेली, रीतच तशी. समोरच्या भिंतीत गवी (बसवण्यासाठी कोरलेला कोनाडा), तोंड उत्तरेला. मी पायऱ्या उतरलो आणि आंब्यांचा असा वास आला की मी थबकलो. खाली गवताच्या थरांत आढी घातलेली होती.

“रिकामी कामून ठिवायची?” मामा वरून म्हणाले. “म्या येईपतूर आंबं पिकत्यात.”

मग त्यांनी खरं काम काढलं. जागा बांधली पण बसून पाहता आलं नव्हतं. गुडघे वाकत नाहीत. गवंड्याला बसवलं तर तो ठेंगणा. गफूरभाईंनी आधीच कानाला हात लावला होता. मामांची आणि माझी उंची सारखी.

“जावईबापू, वाईट वाटून घिऊ नका,” ते म्हणाले. “जरा बसून बगता का?”

जावयाचा मान अनेक प्रकारांनी करतात, पण हा प्रकार माझ्या ऐकिवात नव्हता. मी सुमनकडे पाहिलं. ती मला वाचवेल अशी आशा होती. ती म्हणाली, “बसा ना.”

मी मांडी घालून त्या कोनाड्यात बसलो. सुरुवातीला भीती वाटली, हे कबूल करतो. दाराचा उजेड लहान झाला, कान बंद झाल्यासारखे झाले. मग अंगावरचा घाम वाळला. मे महिन्यात संबंध जिल्ह्यात एवढी गार जागा दुसरी नसेल. पाठीला माती लागत होती, आणि डाव्या हाताची भिंत म्हणजे मामींची बाजू. मला सकाळचा तो “बरं” आठवला आणि माझी मला लाज वाटली. एका टेकाडासाठी मी या माणसाला पुढच्या वर्षीवर ढकललं होतं.

“डोकं लागतंय का?” मामांनी विचारलं.

मी मोजपट्टी काढली नाही, हातानेच पाहिलं. “दोन बोटं राहतात.”

“बास की मग.” पुन्हा त्यांचा आवाज खाली आला. “महेश चांगला हाय. पर तिकडं काय झालं तर तितंच उरकून टाकील. विजेवर जाळायची सोय हाय म्हनं तिकडं. मला सोय नगं. मला हितं बसायचंय. कुनीतरी बगितल्यालं असावं, म्हनून बोलिवलं.”

वर आल्यावर मी कोरी वही उघडली. रोमसाठी आणलेल्या पहिल्या पानावर मामांनी सांगितलं तसं लिहिलं : नाव, गाव, शेताची खूण, मामींच्या उजव्या हाताला, तोंड उत्तरेला. खाली मामांनी सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं.

“कुठं सही करू?” मी विचारलं.

मामांनी बोट ठेवून जागा दाखवली. सही करून मी ते पान फाडून त्यांच्या हातात दिलं. सुमन बेलाच्या झाडाकडे तोंड करून उभी होती.

सहाची बस चुकली. पुढची मिळाली तेव्हा पिशवीत मोजपट्टीवर दोन डझन आंबे होते. व्याख्यान ठरल्याप्रमाणे झालं. रोमबद्दल मी जे बोललो ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मामांच्या समाधीबद्दल बोललो तेव्हा मात्र मागच्या खुर्च्या पुढे सरकल्या, आणि शेवटी अध्यक्षांनी उठून विचारलं की तिकडे आणखी जागा निघेल का.

महिन्याभराने महेशचा फोन आला. पुण्यात मामा बरे होते. पण तो कागद ते रोज उशाखाली घेऊन झोपतात, यावरून तो चिडला होता. “दाजी, अशा कागदाला कायद्यात काय अर्थ आहे? उद्या रात्री-अपरात्री काही झालं तर एवढ्या लांब कोण नेणार? आणि खाली नीट बसवता तरी येणार आहे का?”

“मी नेईन,” मी म्हणालो. “आणि जागा बरोबर आहे. मी बसून पाहिलंय.”

तेर नीट पाहायचं राहूनच गेलं. सुमन म्हणते ते खरं आहे, ते थांबेल.