पाड्यावरची साथ
निलगिरीच्या तेलाचा वास आला की संस्थानच्या दवाखान्यातली माझी कंपाउंडरकी आठवते. थंडीत खोकल्याची साथ कुठवर पसरली, हे विचारत मी मोखाड्याकडचे पाडे फिरायचो. खोडाळ्यापुढच्या एका पाड्यावर सगळे म्हणाले, ‘हितं कोन आजारी नाय.’ प्लेगात आजाऱ्यांना घरातून उचलून रानात नेऊन ठेवलं होतं, ती भीती अजून गेली नव्हती. मी निघणार, तोच नागली झोडणारी एक बाई पुढं आली. ‘लेकीला धाप लागलीय. तिला नेशील तर मलाबी ने.’ ‘कुणाला नेत नाही. इथंच औषध देतो, उद्या परत येतो,’ मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मुलगी पेज पीत होती, आणि अंगणात घरोघरचे खोकणारे माझी वाट पाहत बसले होते. आज वाटतं, त्या बाईच्या जागी मी असतो तर माझं तोंड उघडलं असतं का?